हळिवाचा अर्धा घास

डबा आला की आत्या तो दारातच उघडून बघायच्या. आत ओल्या कापडाच्या गादीवर हळिवाचे हिरवे कोंब दाटीवाटीनं उभे असायचे. काडेपेटीएवढा एक चौकोन, बस्स.

“आलं माझं कुरण,” त्या म्हणायच्या. “म्हैस चरायला सोडते.”

मग रेवाला कडेवर घेऊन त्या मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रंजना जगताप. एस.टी.त कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेली बाई. जेवणसुद्धा चाळीस माणसांच्या गर्दीत उभ्यानं उरकायची सवय. पण हे औषध मात्र त्यांना एकटीनं खायचं असायचं. “चावताना नाकातोंडातनं पाणी येतंय, तुझ्यासमोर कशाला तमाशा,” म्हणायच्या. मला ते सोयीचंच होतं. रेवा नऊ महिन्यांची. ती दुसऱ्या कुणाच्या कडेवर असेल तेवढाच वेळ माझा. मी धावत जाऊन टेबलाशी बसायचे आणि संगणक उघडायचे. थोड्या वेळानं मागून वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज यायचा. टण् टण्. एस.टी.त दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. त्यापाठोपाठ रेवाचं खिदळणं. आजी आणि नात गाडी-गाडी खेळतायत, असं समजून मी कामाला लागायचे.

त्या गुरुवारी घंटा वाजली तेव्हा माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला होता. नुकताच मिरजेच्या संशोधन केंद्रातून फोन आला होता. आत्यांचं ऑपरेशन सोमवारी. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, उरलेला थेट आतड्याला जोडायचा. हळिवानं त्यांना गुण आला नव्हता.

आत्यांना हे अजून सांगायचं होतं. आणि सांगायला घरात मीच होते. त्यांचा मुलगा, माझा नवरा धैर्यशील, ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला असायचा. घरी यायचा तो शनिवारी.

आत्यांच्या पोटात जो जिवाणू आहे तो काही दुर्मीळ नाही. गावागावात, घराघरात असतो. स्क्रूसारखा पिळदार, जठराच्या आम्लातही तगणारा. अस्तराला चिकटून बसतो. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींचं अस्तर मात्र वर्षानुवर्षं सुजत राहतं, झिजत जातं, आणि मग तिथल्या पेशी आपलं रूप बदलायला लागतात. जठरातल्या पेशी आतड्यातल्यासारख्या दिसू लागतात. त्याच्या पुढं कर्करोगाची पायरी. आत्या त्या पायरीच्या अलीकडं उभ्या होत्या. त्यांची आई याच दुखण्यानं गेली, मावशीही. पूर्वी हा जिवाणू गोळ्यांच्या एका कोर्सनं जायचा. आता आमच्याकडं जो सापडतो तो कुठल्याच गोळ्यांना दाद देत नाही.

म्हणून हळीव. बाळंतिणीला ज्याचे लाडू करतात तोच. हळिवाच्या कोंबात एका कप्प्यात एक साधंसुधं द्रव्य असतं आणि शेजारच्या कप्प्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम. मध्ये भिंत. कोंब दाताखाली चिरडला की भिंत फुटते, दोघं भेटतात आणि झणझणीत असं तिसरंच काहीतरी जन्माला येतं. मोहरीचा, मुळ्याचा जो झटका नाकात जातो तो याच कुळातला. झाड ते किडीला पळवायला बनवतं. आपल्या जठरात ते जिवाणूवर तुटून पडतं. शिवाय अस्तराच्या पेशींना हलवून जागं करतं, की उठा, आपापलं संरक्षण सुरू करा. पण त्या द्रव्याचं आयुष्य फार थोडं. हळीव शिजवला तर विकरच मरतं. गोळी करून ठेवावी तर गुण डबीतच उडून जातो. म्हणजे औषध रोग्यानं स्वतःच्या तोंडात, स्वतःच्या दातांनी बनवायचं आणि लगेच गिळायचं. केंद्रानं हे द्रव्य मुबलक असलेलं वाण तयार केलं होतं, आणि रोज सकाळी प्रत्येकाच्या घरी मोजून एक घास येत होता.

तो घास पोटात जाऊन काय करतो ते बघायला होता मसूर. नाव आमचं, कारण आकार मसुरीएवढा. एकदा गिळला की अस्तराच्या घडीत अडकून बसायचा. अस्तरापर्यंत कुठलं द्रव्य किती आलं आणि पेशी किती जाग्या झाल्या, ते मोजून पाठवायचा. पडद्यावर दोन्हींच्या रेघा उमटायच्या. वर एक तांबडी आडवी रेघ. पेशींची जाग त्या तांबड्या रेघेच्या वर गेली की औषध लागू पडलं. गेली नाही की ऑपरेशन.

त्या रेघा नीट लावून आलेख काढणं ही माझी नोकरी. नावं नसायची, नुसते क्रमांक. पुरुषांच्या रेघा सकाळी ताडकन वर जायच्या. बायकांच्या रेघा थोड्या उठायच्या आणि तांबड्या रेघेखालीच मान टाकायच्या. आमच्या प्रमुख डॉ. निलोफर तांबोळी. त्यांनी त्याचा अर्थ लावला होता, की बायकांच्या जठरात हे द्रव्य लवकर मोडतं, त्यांच्या संप्रेरकांमुळं. कुणालाही पटावं असंच होतं ते. पुढच्या आठवड्यात निष्कर्ष जाहीर होणार होता. हळीव पुरुषांसाठी. बायकांनी वाट न बघता ऑपरेशनच्या टेबलावर चढावं.

मी उठले. एकदाचं सांगून टाकावं म्हणून मागच्या दाराशी गेले.

आत्यांची पाठ माझ्याकडं होती. त्या डोळे मिटून चावत होत्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग त्यांनी दोन बोटांनी तोंडातला हिरवा लगदा काढला, वाटीतल्या मऊ भातात कालवला. चमचा वाटीवर आपटला. टण् टण्. आणि रेवानं आ वासला.

माझ्या हातचं नाचणीचं सत्त्व फुर्रकन थुंकणारी, केळं भिंतीवर फेकणारी माझी लेक. चोच उघडल्यासारखा आ.

“आत्या!”

“वरडू नको, ठसका लागंल तिला.”

मी रेवाला ओढूनच घेतलं. तिच्या तोंडात बोट घालून जेवढं निघेल तेवढं काढलं. बोटाला मोहरीसारखा वास. रेवा किंचाळायला लागली.

“काय भरवताय तुम्ही तिला?”

“औषध.” आत्या मला समजावल्यासारखं बोलत होत्या. “तिखट माझ्या जिभंवर घेते, मऊ झालं की तिला देते. मला काय कळत नाही होय, लहान लेकराला तिखट सोसत नाही ते?”

“कधीपासून?”

“उष्टावण झाली, तवापासनं.”

म्हणजे औषध सुरू झालं तेव्हापासून. जवळजवळ रोज.

“अहो तुमच्या पोटातला तो जिवाणू लाळेतून जातो! तिच्या पोटात गेला तर त्याला औषध नाही, आत्या. कुठलंच नाही.”

“असं कसं? तुझी तांबोळी डॉक्टरीणच म्हटली की, ह्यानं तो मरतोय. मग मेलेलाच जाणार ना?”

“पूर्ण घास खाल्ला तर मरतो! अर्धा घास खाऊन…”

माझं वाक्य माझ्याच कानांत अडकलं. अर्धा घास.

आत्या वाटीकडं बघत होत्या. “माझी आई ह्यातच गेली. मावशी गेली. त्यांच्या मागं मी लायनीत उभी. माझ्या मागं कोण, सांग? धैर्याला बहीण नाही. हीच की.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “म्हटलं, माझ्या वाट्याचं आत्तापासनं थोडं थोडं तिच्या पोटात जाऊ दे. रोग आत शिरायच्या आधी राखणदार बसवावा. अन् तुझ्या हातनं खात तरी होती का ती? वजन करून आलीस की न्हाणीत जाऊन रडत होतीस. मला ऐकू येत नव्हतं व्हय?”

गेल्या महिन्यात काटा पुढं सरकला तेव्हा मी धैर्यशीलला फोन करून सांगितलं होतं, माझं सत्त्व मानवलं बघ तिला.

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी तोंडातून वेगळंच निघालं. “आत्या, केंद्रातून फोन आलाय. सोमवारी ऑपरेशन ठरलंय.”

त्यांनी वाटी दगडावर ठेवली.

“पोट काढणार?”

“मोठा भाग.”

“मग जेवायचं कुठं?” म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

रेवा झोपल्यावर मी जे करायला मनाई होती ते केलं. आत्यांची रेघ शोधली. सोपं होतं. तंबाखूच्या मिशरीच्या खुणा रेघेत अगदी ठळक येतात. ज्या दिवशी मसूर बसला त्या दिवशी आत्यांनी जन्माची मिशरी सोडली होती, डबी माझ्यासमोर चुलीत टाकून. अशी, पहिल्याच दिवशी मिशरीची खूण पुसली गेलेली रेघ एकच होती. लाळ भरपूर, मसूर तीही मोजतो. एवढी लाळ म्हणजे पूर्ण घास चावला गेला होता. पण पोटात उतरलेला ऐवज निम्म्याहून कमी.

मग इतर बायकांच्या रेघा बघितल्या. त्यांची लाळही कमीच होती. म्हणजे मुळात चावलंच कमी. आणि सगळ्यांच्या उंच्या वेगवेगळ्या. कुणाची पाव, कुणाची अर्धी, कुणाची सोमवारी पूर्ण आणि मंगळवारी जवळजवळ काहीच नाही. संप्रेरकं अशी वाराप्रमाणं वागत नाहीत.

सकाळी दहाला मी रेवाला घेऊन केंद्रात गेले. एवढ्या लहान बाळाची तपासणी म्हणजे दुधातून एक घोट द्यायचा आणि तोंडावर मुखवटा धरून श्वास साठवायचा. जिवाणू असेल तर तो त्या घोटातलं द्रव्य फोडतो आणि श्वासात खूण येते. रेवानं मुखवटा चाटला, नर्सबाईंचं नाक धरलं.

“उत्तर यायला थोडा वेळ लागेल,” नर्सबाई म्हणाल्या. “बाहेर बसा.”

मी बाहेर न बसता डॉ. तांबोळींच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला.

“मुक्ता, तू घरच्या माणसाची रेघ उघडून बघितलीस?”

“हो.”

“मग तुला या कामावर ठेवता येणार नाही. आणि ज्यानं मात्रा पाळली नाही तो प्रयोगातून बाहेर. नियम मी एकटीनं केलेला नाही. तुझ्या सासूबाईंचा डबा उद्यापासून बंद. ऑपरेशन मात्र व्हायलाच हवं, ते त्यांच्याच भल्याचं आहे.”

“पण मॅडम, त्यांनी औषध घेतलंच नाही पूर्ण. मग ते लागू पडलं नाही, असं कसं म्हणता येईल?”

“एका बाईनं अर्धं खाल्लं म्हणून शंभर बायकांचा निष्कर्ष फिरवू?”

“एका?” मी म्हटलं. “बाहेर या माझ्याबरोबर. पाच मिनिटं. काही बोलू नका फक्त.”

शुक्रवारी मसूर जागेवर आहे का ते तपासून घ्यायला बायका यायच्या. व्हरांड्यातल्या बाकावर दाटीनं बसल्या होत्या. मी रेवाला मांडीवर घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. डॉ. तांबोळी एप्रन न घालता खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“लेकरू कुणाचं? गोड आहे,” हिरव्या साडीतल्या बाई म्हणाल्या.

“माझंच. सासूबाईंना हळीव सुरू आहे, म्हणून आलोय. फार तिखट लागतं म्हणतात. तुम्ही कसं खाता हो?”

“मी? मी चपातीत गुंडाळते. निम्मा मला, निम्मा आमच्या ह्यांना.”

“त्यांनापण त्रास आहे?”

“कसला त्रास! ढेकर येतात. रात्री दोन-दोन वाट्या मिसळ हाणायची अन् सकाळी माझ्या डब्याकडं बघत बसायचं. गुपचूप खाल्लं तर घास उतरतोय का घशाखाली?”

बाकावर हशा पिकला.

“आमच्याकडं सून पोटुशी आहे,” पलीकडच्या म्हणाल्या. “हळीव म्हटल्यावर पहिला मान तिचा. मी चिमूटभर घेते तोंडाला, नाही असं नाही.”

“मी तर पहिल्या दिवसापासून सगळाच्या सगळा खाते बाई,” एक ठसठशीत कुंकवाच्या बाई ताठ बसून म्हणाल्या.

“खरं?” मी विचारलं.

“मग! फक्त नातवाची परीक्षा असली की त्याला देते. आणि शेजारच्या भाभींना, त्यांना पित्त उठतं ना. आणि सोमवारी उपास असतो, तेव्हा…”

“तेव्हा काय, देवाला?” हिरव्या साडीनं टोला हाणला, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

“पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, पूर्ण खायचं म्हणून?” मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परक्या मुलखातून आलेय.

“खातो की आम्ही,” कुंकवाच्या बाई म्हणाल्या. “घरात आलेली वस्तू काय एकटीनं खायची असते?”

खांबाला टेकलेल्या डॉ. तांबोळी हलल्याच नाहीत. मग वळून चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. खोलीचं दार लावून त्या म्हणाल्या, “माझी अम्मी स्वतःचं मधुमेहाचं औषध माझ्या वडिलांना देत होती. त्यांचं संपू नये म्हणून.” त्या खुर्चीत बसल्या. “मी डबे मोजले, मुक्ता. हात कुणाचे कुठं जातात ते मोजलंच नाही.”

“मग ऑपरेशन थांबवा.”

“कशाच्या जोरावर? तुझ्या सासूबाईंच्या पेशी पुरेशा जाग्या होतात, असं अजून कुणीच बघितलेलं नाही. कदाचित पूर्ण घासानंही होणार नाहीत. तसं असेल, आणि मी तारीख पुढं ढकलली, आणि तेवढ्यात ती पायरी ओलांडली गेली तर?” त्यांनी टेबलावर तळवा ठेवला. “रविवारचा एक डबा मी स्वतः घेऊन येते. माझ्यासमोर पूर्ण खायचा. रेघ तांबडीच्या वर गेली तर सोमवार रद्द, आणि बायकांचा प्रयोग पहिल्यापासून. नाही गेली तर सोमवारी सकाळी त्या उपाशीपोटी इथं हजर.”

तेवढ्यात नर्सबाईंनी दार ढकललं. हातात कागद. मी त्यांच्या चेहऱ्याकडंच बघत होते.

“खूण नाही,” त्या म्हणाल्या. “या खेपेला तरी नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. आणि मधल्या काळात कुणाच्या तोंडातलं काहीही नको.”

मी रेवाच्या टाळूवर तोंड ठेवलं. मग तेही काढून घेतलं. कुणाच्या पोटात काय आहे, कुणी सांगावं?

घरी आले तर मोरीजवळच्या फळीवर एक ताट, एक पेला, एक चमचा वेगळा मांडलेला. आत्या उंबऱ्याबाहेर बसून चहा पीत होत्या. रेवानं त्यांच्याकडं हात पसरले. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“काय निघालं?” त्यांनी विचारलं.

“आत्ता तरी नाही.”

त्यांनी मान हलवली. चहाचा पेला धुवायला आत आणला नाही, अंगणातल्या नळावरच धुतला.

रात्री धैर्यशीलचा फोन आला. सगळं ऐकून तो आधी आईवर चिडला, मग माझ्यावर, की तुला इतके दिवस कळलं कसं नाही. मग एकदम म्हणाला, “लहानपणी मलापण अशीच भरवायची ती. ड्युटीवरून आली की पहिल्यांदा.” त्याचीही तपासणी करावी लागणार होती.

शनिवारी मी आत्यांना रविवारचं सांगितलं. पूर्ण घास. एक कणही बाहेर नाही.

“अन् नाही लागला गुण तर?”

“तर सोमवार.”

“म्हणजे तिच्या तोंडचं काढून मी खायचं, अन् वर पोटही जायचं.”

“तिच्या तोंडचं नाही ते, आत्या. तुमचं आहे.”

“तुला काय कळतंय,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. चादरीची घडी घालताना म्हणाल्या.

रविवारी डॉ. तांबोळी रिक्षानं आल्या. डबा मांडीवर जपून धरलेला. स्वयंपाकघरात आत्या पाटावर ताठ बसल्या, इस्त्रीची साडी नेसून, जणू ड्युटीवर हजर झाल्या होत्या. डॉक्टरांचा फोन ओट्यावर उभा, त्यावर आत्यांची रेघ, सपाट. धैर्यशील रेवाला घेऊन दाराशी. मी त्याला म्हटलं होतं, तिला बाहेर ने. आत्याच म्हणाल्या, राहू दे. रोज असती ती.

“पूर्ण चावायचा, मावशी,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “झणका नाकात चढेपर्यंत. मग गिळायचा.”

“तोंड उघडून दाखवू का नंतर? शाळेत जंताची गोळी दिल्यावर दाखवायचो तसं?”

“दाखवा,” डॉ. तांबोळी हसल्या नाहीत.

आत्यांनी चौकोन उचलला आणि तोंडात घातला. चावायला लागल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळे भरले. आणि रेवानं वास ओळखला. तिनं बापाच्या हातातून अंग पुढं झोकलं, दोन्ही मुठी उघडल्या, आणि आ वासला.

आत्यांचे जबडे थांबले.

मी बघत होते. दोन बोटं मांडीवरून उचलली गेली. ओठांपर्यंत आली. लगदा तयार झाला की हात आपोआप वर यायचा, इतक्या महिन्यांची त्याला सवय. रेवा ‘म् म् म्’ करत होती, जीभ बाहेर काढून.

“मावशी,” डॉ. तांबोळी हळूच म्हणाल्या, “त्यातला गुण उडून जाईल.”

बोटं ओठांवर तशीच. मला वाटलं, गेलं सगळं. मी पुढं होऊन तो हात धरणार होते. पण हात धरून गिळवता येत नाही कुणाला. मी ओट्यावरची वाटी घेतली, चमचा घेतला, आणि वाटीवर आपटला.

टण् टण्.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या हातची घंटा कधी ऐकली नसेल. त्यांनी बोटं खाली घेतली, नातीपासून मान फिरवली, भिंतीकडं तोंड केलं, आणि गिळलं. घशाची हालचाल मला दिसली. एकदा. पुन्हा एकदा.

रेवाला काय झालं ते कळलं असावं. तिनं असा टाहो फोडला की धैर्यशील तिला घेऊन अंगणात पळाला.

आत्यांनी तोंड उघडून दाखवलं. रिकामं होतं.

मग वाट बघणं. पेशींना जाग यायला वेळ लागतो. द्रव्याची रेघ आधी उठली, अशी उंच की आत्यांच्या क्रमांकावर मी ती कधीच पाहिली नव्हती. पण जाग दाखवणारी खालची रेघ सपाटच. डॉ. तांबोळींनी चहाला नको म्हटलं. आत्यांनी लसूण सोलायला घेतला. मी नुसती बघत राहिले. रेघ हलली. थोडी चढली, थांबली. इतर बायकांच्या रेघा जिथं मान टाकायच्या, बरोबर तिथं. मग रेघ तिथून वर निघाली. सावकाश, चढणीवरच्या गाडीसारखी कण्हत. तांबडीला टेकली. आणि वर गेली.

“आत्या,” मी म्हटलं. “आत्या, ओलांडली. वर गेली रेघ. सोमवार नाही आता.”

डॉ. तांबोळी फोन हातात घेऊन एकटक बघत होत्या. त्यांच्या ओठांवर आकडे चालले होते, किती बायका, किती घरं, कुणाकुणाला थांबवायचं.

आत्यांनी मात्र फोनकडं बघितलंच नाही. लसणाची टरफलं पदरात गोळा केली आणि अंगणाकडं मान वळवली. तिथं रेवा अजून हुंदके देत होती.

“मला काय सांगतीस?” त्या म्हणाल्या. “तिला सांग. घास तिचा गेलाय.”